आतल्याची टकटक

ती. दादांस,

साष्टांग नमस्कार लिहितो आहे खरा, पण कंबर धरल्यामुळे जमिनीला टेकतील अशी अंगं सध्या पाचच आहेत. उरलेली तीन मनाने टेकवली असं समजावं. (मायन्यापुरतं ‘दादांस’ आणि ‘समजावं’, कारण थोरल्या आतेभावाला पत्र कसं लिहायचं हे तुझ्याच आईने मला पट्टी हातात घेऊन शिकवलं आहे. पुढे नेहमीसारखं तू.) तुझी प्रकृती कशी आहे, खोकला गेला का, तिकडचं पाणी मानवलं का, हे सगळं मनापासून विचारतो, पण उत्तरासाठी थांबत नाही, कारण मागच्या तीन पत्रांतही विचारलं होतं आणि त्या तिन्ही पत्रांचं काय झालं ते तुला माहीत. इकडे मी, तुझी भावजय आणि दुकान ठीक आहोत. आत्याही ठीक आहे. हे पत्र लांबणार आहे ते तिच्यामुळेच, पण ठीक आहे.

सांगायचं असं की, गेल्या महिन्यात माझ्या हातून एका देवाचा आवाज बंद पडला. मुद्दाम नाही. मी आपला माझं काम करत होतो, आणि ते नीट केलं, एवढीच माझी चूक. पण त्यापायी मला जो मनस्ताप झाला तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि इथे ज्याला सांगावं तो एक तर त्या पंथातला निघतो किंवा हसतो.

तू राहतोस तिकडचा दगड मेलेला आहे, एकदा रचला की रचला, त्यामुळे तुला विसर पडला असेल. आपल्या शहरातला दगड अजून वाढतो. कुणाचं घर वर्षाला बोटभर, कुणाचं दोन बोटं. पायऱ्या उंच होत जातात, खिडक्या वर सरकतात, आणि एका दाराची चौकट काटकोनात राहील तर शपथ. तू गेलास तेव्हा समोरच्या शिंप्याला आपल्या खिडकीतून हात खाली करून कात्री देता यायची. आता त्याच्यासाठी टोपलीला दोरी बांधून ठेवली आहे. आपल्या आजोबांपासून घरात सुतारकी टिकली ती आपल्या अकलेमुळे नव्हे, दगडाच्या हट्टामुळे. आज बसवलेलं दार पाच वर्षांनी घासायला लागणार, गिऱ्हाईक शिव्या देत येणार, आपण रंधा घेऊन जाणार. असं सगळं सुरळीत चाललं होतं.

आता तो पंथ. जुन्या धान्यबाजारामागे एक दालन आहे आणि त्या दालनात एक बंद दार आहे. ते कुणी केलं, कधी लावलं, कुणालाच ठाऊक नाही. दाराच्या पलीकडे ‘आतला’ राहतो, असा काही लोकांचा विश्वास आहे. योग्य दिवस आला की तो आपल्या हाताने दार उघडून बाहेर येईल, तोवर त्याला हाक मारायची नाही, घाई करायची नाही, नुसतं बसून ऐकायचं. रोज दुपारी आतून टकटक होते. कधी दोनदा, कधी पाचदा, एखाद्या दिवशी एकदाच. एक टिपणीस ती वहीत उतरवतो आणि तिचा अर्थ लावण्यात ह्या मंडळींचा जन्म जातो. ते स्वतःला कान म्हणवतात. नवे ते धाकटे कान, जुने ते थोरले कान, आणि सगळ्यांच्या वर एक महाकान. (हसू नकोस. मी हसलो होतो, तर आत्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.)

पंथ अत्यंत गुप्त आहे. सगळे जण राखी रंगाची खोळ पांघरतात, डोळ्यांपुढे जाळी आणि उजव्या कानापाशी मोठं भोक. खोळीत कोण आहे हे कुणालाही कळता कामा नये. पण मी निम्म्या गावाची दारं दुरुस्त केली आहेत. माणूस दारातून कसा शिरतो ते एकदा पाहिलं की मी विसरत नाही. त्यामुळे मापं तपासणारा अधिकारी कोण, शाळामास्तरीणबाई कोण, आणि प्रार्थनेला येऊन पेंगणारा पाववाला कोण, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. आणि आत्या. आत्या तीन वर्षं कान आहे. हेही गुप्त. ती आपली खोळ स्वतः धुते आणि आमच्याच दोरीवर वाळत घालते, आणि तुझ्या भावजयीने विचारलं तर सांगते की पडदा आहे. एका बाजूला भोक असलेला पडदा. जी बाई एरवी जिना उतरताना मला आणि कठड्याला मिळून शिव्या देते, ती जेवण झालं की कुणाचाही हात न धरता खाली उतरते आणि बाजाराकडे चालू लागते. मी बरेच दिवस काही बोललो नाही. म्हातारपणी माणसाला कुठेतरी जायला हवं, असा विचार केला. पुढचं सगळं त्या न बोलण्यामुळे ओढवलं.

एके दिवशी महाकान स्वतः दुकानात आला. खोळ घेऊन, आवाज बदलून. पण साबणाचा वास खोळीत लपत नाही. आमच्या गल्लीच्या टोकाचा साबणवाला तो. मी म्हटलं, बसा, तुमच्या न्हाणीघराचं दार आता लागतं का? तो म्हणाला, कुठलं न्हाणीघर? मग डोळ्यांपुढची जाळी सारखी करत म्हणाला, खालून अजून घासतंय. एवढं झाल्यावर मूळ विषय निघाला. दगड वाढून त्या पवित्र दाराच्या चौकटीचा वरचा कोपरा खाली आला होता. दार चिरायच्या बेतात होतं. कोपरा तेवढा मोकळा करून द्यायचा. अटी तीन: काम करताना बोलायचं नाही, फटीतून आत बघायचं नाही, आणि दारावर ठोकायचं नाही. पहिल्या दोन मी मान्य केल्या. तिसरीवर आमचं बराच वेळ वाजलं. ठोकल्याशिवाय सुतारकाम म्हणजे काय, दाराची समजूत घालायची का? शेवटी असं ठरलं की हातोडीला तीन पदरी लोकर गुंडाळावी. ठोकलेलं आतल्याला ऐकू गेलं तर त्याला वाटेल की बाहेरचे घाई करतायत, आणि तो रुसेल. हे मला एका मोठ्या, कर्त्या, व्यापार सांभाळणाऱ्या माणसाने सांगितलं.

जागा गुप्त असल्यामुळे माझे डोळे बांधून नेलं. हातात हत्यारांची पेटी, आणि पुढे-मागे दोन कान. पाऊण तास मला गल्लोगल्ली फिरवलं. एका वळणावर तुझ्या भावजयीचा आवाज आला, जेवायला कधी येणार म्हणून. म्हणजे आम्ही आमच्याच घरावरून चाललो होतो. थोड्या वेळाने पुन्हा तिचाच आवाज आला, की मघाशी उत्तर दिलं नाहीत. ते दालन माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे, दादा. पेटी उचलून मी सरळ गेलो असतो तर कंबर वाचली असती. ती धरली ती त्याच दिवशी.

काम चार दिवसांचं होतं. वरचा कोपरा दोन दिवसांत मोकळा झाला. दार मात्र पाहण्यासारखं आहे. जुनं, काळं पडलेलं लाकूड, सांधे असे की आपल्या आजोबांनी टोपी काढली असती. आणि अशा दारात खालची एक फळी खोबणीत सैल. वाळून आक्रसली असणार. बोटाने दाबली की आत जायची, सोडली की टक. मी पुन्हा दाबली. टक. मागे अकरा जण डोळे मिटून बसले होते, म्हणून कुणी पाहिलं नाही, आणि आवाज माझ्या हत्यारांचाच समजले असावेत. त्याच दुपारी माझ्या डोळ्यांदेखत ती फळी आपोआप हलली, टक, टक, टक, आणि टिपणीसाने वहीत तीन रेघा मारल्या.

तू सुताराच्या हाताखाली वाढला आहेस, तुला कळेल. सैल फळी दिसली की हात थांबत नाहीत. मला कुणी सांगितलं नव्हतं, माझ्या कामात ती नव्हती, आणि ती आवळली तर काय होईल हेही मला नीट समजत होतं. तरी चौथ्या दिवशी सकाळी, मंडळी अजून यायची होती तेव्हा, मी खोबणीत दोन बारीक पाचरा सारल्या, त्या चिकटून राहाव्यात म्हणून सरस भरला, वर हात फिरवून बघितला, आणि मला फार बरं वाटलं. हे मी कबूल करतो. त्या दोन पाचरा मी आयुष्यात बसवलेल्या सर्वांत सुबक पाचरा आहेत.

त्या दुपारी टकटक झाली नाही. पहिल्या दिवशी सगळे म्हणाले, किती खोल शांतता. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपास केला. तिसऱ्या दिवसापासून भांडणं. एक गट म्हणे आतला रुसला, एक म्हणे गेला, आणि एक गट, ज्यात ती मास्तरीणबाई होती, म्हणाला की तो बाहेर आलेला आहे. कधी आला, कसा आला, दार तर बंदच आहे, असं विचारलं तेव्हा बाईंनी शांतपणे सांगितलं की, दाराला शेवटचा हात कुणाचा लागला ते आठवा.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतो तर बाहेर सात खोळी. आत आल्या, ओळीने भिंतीशी बसल्या, उजवा कान माझ्याकडे. मी विचारलं काय हवंय. उत्तर नाही. मी रंधा मारायला लागलो, तर टिपणीसाने वही उघडली. त्याने त्या दिवसाची नोंद नंतर मला दाखवली: रंधा एकवीस वेळा, करवत नऊ, एक शिंक. त्या शिंकेवर पुढे चार जणांची समिती नेमली. मी ओरडलो तर ओरडणं लिहून घेतलं. मी गप्प बसलो तर त्यांचे चेहरे (म्हणजे जाळ्या) कृतार्थ झाले. स्टूल दुरुस्त करायला आलेलं खरं गिऱ्हाईक दारातून आत डोकावायचं, सात खोळी बघायचं आणि स्टूल घेऊन परत जायचं. तुझी भावजय जेवण घेऊन आली तर एकाने तिला उठून जागा दिली आणि हळूच विचारलं, हे झोपेत काही बोलतात का? ती म्हणाली, घोरतात. तेही वहीत गेलं. चार दिवस हे चाललं, दादा. चार दिवसांत मी एक पाट पुरा करू शकलो नाही. माणसाला आपल्या धंद्याच्या जागी शिंकायची चोरी.

पण हे मी निभावून नेलं असतं. आत्याचं निभेना. टकटक बंद झाल्यापासून ती दुपारची बाहेर पडायची थांबली. खोळ घडी करून पेटीत ठेवली. खिडकीशी स्टुलावर बसून राहायची, पानात वाढलेलं तसंच. मला एका शब्दाने बोलली नाही, आणि तिचं न बोलणं काय असतं ते तुला मी सांगायला नको. शेवटी टकटक थांबल्याच्या पाचव्या दिवशी मीच दुकान लवकर बंद केलं, तिच्याजवळ जाऊन बसलो आणि सगळं सांगून टाकलं. देव नव्हता, फळी होती, खोबणीत सैल झालेली, मी पाचर मारली.

ती म्हणाली, “माहीत आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. सुताराची मुलगी मी. सैल फळीचा आवाज मला कळणार नाही होय?”

“मग तीन वर्षं तिथे कशाला जाऊन बसलीस?”

पदराचं टोक सरळ करत ती म्हणाली, “इथे दार कोण वाजवतं? तू पायाने ढकलून शिरतोस, तुझी बायको हाका मारत येते, शेजारीण तर खिडकीतूनच बोलते. तिथे वाजतं. वाजलं की वाटतं, बघावं कोण आलंय. उघडायला मिळत नाही ते सोड.”

तुला टोचावं म्हणून हे लिहीत नाही, जे झालं ते लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी मी साबणवाल्याकडे गेलो, थेट त्याच्या कढईपाशी, आणि म्हटलं, फळी मी आवळली आहे, ती सैल करू द्या. तो ढवळायचा थांबला. आयुष्यभर ऐकण्याचं व्रत घेतलेल्या त्या माणसाने दोन्ही हात कानांवर ठेवले आणि म्हणाला, “हे मी ऐकलेलं नाही.” मी पुन्हा सांगितलं. त्याने हात काढले नाहीत, पण भिंतीकडे बघत म्हणाला की उद्या सकाळी दालन झाडायचं आहे, तेव्हा तिथे कुणी नसेल, आणि कडी नुसती लोटलेली असेल. तेवढ्यात त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला साबणाची वाफ आहे. मी न्हाणीघराचं दार घासून द्यायचं कबूल करून आलो.

पाचरा काढल्या. (काढताना हात जड झाला, पण काढल्या.) पण सरस खोबणीत चिकटून राहिला होता, त्यामुळे त्या दुपारी टक असा आवाज न येता किर्र असा आला. टिपणीसाकडे किर्रसाठी खूणच नव्हती. अर्ध्या मंडळींचं म्हणणं पडलं की आतला आजारी आहे, आणि कुणीतरी दारापाशी काढ्याचं भांडं ठेवलं. मला पुन्हा भिंतीकडे बघत झाडलोटीची वेळ सांगण्यात आली. ह्या खेपेला मी फळी पूर्ण बाहेर काढली, खोबणी खरवडली, आणि दारात डोकं जाईल एवढं भोक समोर असताना अट पाळणारा माणूस मी नाही. मी आत बघितलं.

आत खोली नाही, दादा. असेल एकेकाळी. दगड वाढत वाढत सगळी खोली भरून दारापर्यंत आला आहे. दोन बोटं जागा उरली आहे, बस. आणि खाली, फळीच्या समोर, दगडाला गुडघ्याएवढा फुगवटा आहे. दुपारी मागच्या भिंतीवर ऊन आलं की दगड तापतो, किंचित फुगतो आणि फळीला ढोसतो. मी हात लावून बघितला. सकाळचा होता तरी कोमट होता, गाईच्या पाठीसारखा. मी तिथे गुडघ्यांवर बसून मोजमाप केलं, सवयच आहे. वर्षाला बोटभर धरलं तर दोन वर्षांनी दगड दाराला सगळीकडून टेकेल. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला आहेत, दार बाहेरच उघडतं. कोयंडा गंजलेला. म्हणजे तिसऱ्या वर्षी, फार तर चौथ्या, कुणी हात न लावता ते दार आतून उघडणार आहे. मला दर वेळी ह्या लोकांचा राग येतो तो ह्याचसाठी. एवढा वेडेपणा करून माणसं शेवटी बरोबर निघतात.

मी फळी परत घातली, होती तशी सैल. त्या दुपारी चार वेळा टक झालं. धान्यबाजारापर्यंत रडण्याचा आवाज आला म्हणतात. माझ्या दुकानातल्या खोळी उठून गेल्या, जाताना भिंतीशी पसरलेलं सामान नीट ठेवून गेल्या. मास्तरीणबाई तेवढ्या अजून मंगळवारी येतात. म्हणतात, त्यांची पूर्ण खात्री पटलेली नाही.

आत बघितलेलं मी फक्त आत्याला सांगितलं. ती हसली, तोंडाला पदर लावून, पुष्कळ वेळ. मग विचारलं, “चार वर्षं म्हणतोस?” मी म्हटलं, फार तर. ती म्हणाली, “तेवढी थांबेन मी,” आणि जेवायला बसली. दुसऱ्या दिवशी दोरीवर पडदा वाळत होता.

तर असं आहे. मी सुतारकी सोडून भांडी विकावीत असं तुझ्या भावजयीचं मत पडलं आहे, भांड्यांतून कुणी काही ऐकत नाही म्हणून. प्रकृतीला जप. 

तुझा,
धाकटा

ता.क. एवढं सगळं लिहिलं ते एका वाक्यासाठी, आणि तेच राहिलं. सहा वर्षं झाली, दादा. ये. दुपारी ये, आणि आलास की दाराला पाय लावून शिरू नकोस, बाहेर उभा राहून वाजव आणि थांब. उघडायला मी जाणार नाही, तिला जाऊ देणार आहे. तिला गुडघ्यांमुळे वेळ लागतो, तेवढा धीर धर. मी हे लिहिलं आहे ते तिला माहीत नाही.

ता.क. दुसरा. माहीत झालं आहे. शाई वाळायला पत्र खिडकीत ठेवलं होतं, तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. तिचं म्हणणं, मी सगळं वाढवून लिहितो, ती रडतबिडत काही बसलेली नव्हती (मी तसं लिहिलेलंही नाही), खिडकीशी हवा बरी लागते म्हणून बसली होती, आणि कामाच्या माणसाला असली पत्रं धाडून त्रास देऊ नये. खालच्या ओळी तिच्या हातच्या आहेत.

चिरंजीवास अनेक आशीर्वाद. माझे उत्तम आहे. हा लहानपणापासून फाजील बोलतो, लक्ष देऊ नये. खोकल्याला हयगय करू नकोस, छातीला गरम कपडा बांधत जा. तू तुझ्या सवडीने ये, नाही जमले तरी चालेल. फक्त येणार असलास तर दिवस आधी कळव, म्हणजे त्या दिवशी दुपारी मी तिकडे जाणार नाही.